हिरव्या पानातला पिवळा रंग

दिवस मावळला की एखादं पोर उंबऱ्याला ठेचकाळतं. पुढ्यातली ताटली चाचपडत शोधतं. दिवसा मात्र नीट खेळतं. घरचे म्हणतात, "धांदरट आहे." आम्ही म्हणतो, त्याचे डोळे तपासून घ्या. हा रातांधळेपणा असेल.

डोळ्याच्या आतल्या पडद्यात एक जांभळट रंग असतो. अंधुक उजेडात आपल्याला दिसतं ते त्याच्यामुळे. हा रंग तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं. मग डोळे कोरडे पडतात. पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग येतात. तरीही हयगय केली, तर बुबुळ मऊ पडून फुटतं. मग गेलेली नजर परत येत नाही.

दूध, तूप, अंडी, कलेजी यांत अ जीवनसत्त्व तयार मिळतं. पण ते रोज कुठून आणायचं? भाजीपाल्यात त्याचा कच्चा माल असतो. तो म्हणजे कॅरोटीन नावाचा पिवळा-नारिंगी रंग. त्याचं अ जीवनसत्त्व आपलं शरीरच करतं. १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने हा रंग गाजरातून वेगळा काढला. गाजर, तांबडा भोपळा, पपई, पिकला आंबा यांत तो डोळ्यांना दिसतो. शेवगा, मेथी, राजगिरा, चाकवत यांच्या पानांतही तो भरपूर असतो. पण हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो. पान पिकलं की हिरवा रंग जातो आणि खालचा पिवळा उघडा पडतो. म्हणून काही पिकली पानं खायची नाहीत! ताज्या हिरव्या पानातच माल जास्त.

बीटाचा तांबडा रंग मात्र या जातीचा नव्हे. टोमॅटोचा लाल रंग याच घरचा, पण त्याचं अ जीवनसत्त्व होत नाही.

कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. गाजराच्या भाजीवर पिवळा तवंग येतो तो यामुळेच. नुसता उकडलेला पाला पोटात जातो, पण अंगी कमी लागतो. तेव्हा चमचाभर तेलाची फोडणी द्यावी, शेंगदाण्याचं कूट घालावं. शेवग्याचा पाला वाळवून ठेवायचा तर सावलीत वाळवावा. उन्हाने कॅरोटीन नासतं.

लहान मुलांना सरकारी दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. पहिला नऊ महिने पुरे झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर, पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. आपल्या मनाने जास्त पाजू नये, ते बाधतं. आणि पोर संध्याकाळी चाचपडू लागलं, तर भाजीने बरं होईल म्हणून थांबू नका. दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या.