अंदाज बांधायचा, मग तपासायचा

घराबाहेर पाऊल न टाकणारी तीन माणसं डोळ्यांसमोर आणा. पहिलीला बाजारात छाती धडधडली की वाटतं, आता हार्ट अटॅकच येणार. दुसऱ्याला वाटतं, लोक आपल्याकडे बघून हसतील. तिसऱ्याची बायको गेली आहे आणि बाहेर जायचं ते कुणासाठी, हेच त्याला कळेनासं झालंय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिघांची तक्रार एकच दिसते, पण पहिलीला लागू पडणारा उपाय तिसऱ्याच्या काही कामाचा नाही. हा फरक ओळखायला, आणि आपण जे ओळखलं ते चुकीचं तर नाही ना हे तपासायला ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या पूर्ण वेळ डॉक्टरेटमध्ये शिकवतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायची तिथली वाट ती.

प्रवेश घेणारे मानसशास्त्राची पदवी घेऊन आलेले असतात. बहुतेकांनी त्याआधी मदतनीस म्हणून रुग्णांसोबत किंवा संशोधनात काम केलेलं असतं. इंग्लंडमध्ये यातले बहुतेक जण प्रशिक्षण सुरू होताच एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पगारी कर्मचारी होतात. आठवड्यातले काही दिवस विद्यापीठात, काही दवाखान्यात. प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाची नेमणूक, साधारण दर सहा महिन्यांनी बदलते. प्रौढांच्या नैराश्यावर जरा कुठे हात बसतोय, तोवर समोर एक शब्दही न बोलणारं मूल येऊन बसतं. मग विसरायला लागलेले आजोबा, मग बौद्धिक अक्षमता असलेला तरुण. बालपणापासून म्हातारपणापर्यंतचं अख्खं आयुष्य तीन वर्षांत त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून जातं.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते फॉर्म्युलेशन. हे माणूस आत्ताच का अडलं, कशामुळे अडलं, कशामुळे अडूनच राहिलं आणि त्याच्या बाजूने उभं असलेलं काय आहे, याची त्याच्याच सोबतीने केलेली मांडणी. ही मांडणी निकाल नव्हे, अंदाज असतो. आणि अंदाज म्हटला की त्याची परीक्षा आलीच. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात माँटी शापिरो यांनी १९५०च्या दशकात हाच आग्रह धरला होता: प्रत्येक रुग्णाचा प्रश्न स्वतंत्र, म्हणून प्रत्येकासाठी त्याचा असा छोटा शास्त्रीय शोध हवा.

त्या आग्रहातून काय निघू शकतं, हे १९६६ मध्ये दिसलं. पुन्हापुन्हा धुण्याच्या किंवा तेच तेच करत राहण्याच्या सक्तीपुढे तेव्हाचे उपचार जवळजवळ हतबल होते. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलातल्या व्हिक्टर मायर यांनी विचार केला: धुतल्यामुळे माणूस भीतीतून सुटतो खरा, पण न धुताही काही झालं नसतं हे शिकायची संधी त्याला कधी मिळतच नाही. मग त्यांनी रुग्णाला भीतीच्या वस्तूंसमोर आणलं आणि ती सक्तीची कृती करू दिली नाही, सतत देखरेखीखाली. त्यांनी प्रसिद्ध केले ते अवघ्या दोन रुग्णांचे अनुभव. आज ओसीडीवरच्या, म्हणजे अशा सक्तीच्या आजारावरच्या मानसोपचारांत हीच पद्धत अग्रभागी आहे. एका नेमक्या अंदाजात केवढी ताकद असते!

आता आपल्या पहिल्या बाईकडे येऊ. तिचा अंदाज, धडधड म्हणजे हार्ट अटॅक. प्रशिक्षणार्थीचा अंदाज, धडधड निरुपद्रवी आहे आणि तिचा अर्थ लावण्यातून घबराट वाढते. वाद घालत बसण्यात अर्थ नाही. हृदय ठणठणीत असल्याची डॉक्टरांकडून खात्री झाली की दोघं मिळून जिने भराभर चढतात. दोघांचीही छाती धडधडते आणि दोघंही थांबून पाहतात, पुढे काय होतं ते.

हे सगळं एकट्याच्या भरवशावर चालत नाही. रुग्णाची संमती घेऊन सत्रं ध्वनिमुद्रित होतात आणि सुपरव्हायझर ती ऐकतो. विचारांवर काम करणाऱ्या कॉग्निटिव्ह थेरपीसाठी सुपरव्हायझरकडे १२ मुद्द्यांची एक मोजपट्टी आहे, प्रत्येक मुद्द्याला ० ते ६ गुण. वेळ नीट वापरला का, रुग्णाचं म्हणणं त्यालाच विचारून पडताळलं का, उत्तर त्याच्या तोंडून येऊ दिलं की घाईने आपणच देऊन टाकलं? दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसताना आपण कुठे अधीर झालो, हे स्वतःच्या आवाजात ऐकायला धैर्य लागतं. माझ्या मते वर्गातल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा माणूस इथे जास्त घडतो. त्याच काळात स्वतःचं नवं संशोधन, प्रबंध आणि परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा हेही असतंच.

एवढं झाल्यावर जी उपाधी मिळते तिला कायद्याचं संरक्षण आहे. २००९ पासून ब्रिटनमध्ये सरकारमान्य नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. आपल्याकडे ही नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया करते. बेंगळुरूच्या निमहान्ससारख्या संस्थांतल्या दोन वर्षांच्या एम.फिल.मधून आपले अनेक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घडले आहेत. तेव्हा स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी अशा तज्ज्ञाकडे जाल, तेव्हा त्यांचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा. तो विचारणं हा तुमचा हक्क आहे.