तेरेखोल: किल्ला पाहण्याआधी नदीचं मुख पाहा

केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढलो की आपण पेडण्यातून पेडण्यातच उतरतो. मध्ये फक्त तेरेखोल नदी. गाव गोव्याचं, पण नदीच्या उत्तर काठावर. जमिनीच्या बाजूने त्याला लागून आहे महाराष्ट्रातलं रेडी. हे असं कसं?

उत्तर टेकडीवर मिळतं. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी इथे किल्ला बांधला. वाडीकरांची गलबतं खाली नदीत असत. आत-बाहेर करणारं प्रत्येक तारू वरून दिसे. १७४६ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांनी किल्ला घेतला. पेडणे महाल त्यांच्याकडे कायमचा आला तो १७८८ मध्ये. सरहद्द नदीवर न थांबता पलीकडे गेली ती या टेकडीपायी. याच जमिनीच्या वाटेमुळे १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींना नदी न ओलांडता किल्ल्यावर तिरंगा फडकवता आला.

किल्ल्यात पुढे हॉटेल झालं. मी मात्र ओहोटीला वर जाऊन मुखाकडे बघत बसतो. केरीच्या बाजूने वाळू पुढे आलेली, तिच्यावर लाटा फुटतात. जिथे फुटत नाहीत, तिथे पाणी खोल. तीच गलबतांची वाट. ती दिसली की किल्ल्याची जागा आपोआप कळते. नुसता बुरुजाचा फोटो काढून परतलात, तर निम्मा वारसा खाली पाण्यातच राहिला म्हणायचा.