झोपेची गोष्ट (भाग ६) : डुलकीच्या आधीचं काम

झोप उडाली की आठवणींची काय दशा होते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रश्न उलटा आहे: झोपेतून काही नवं सुचतं का? बोरिवलीहून सकाळची चर्चगेट फास्ट सुटली की खिडकीशी बसलेल्याची मान कांदिवली यायच्या आत कलंडते. मांडीवरच्या बॅगेवरची बोटं सैल पडतात आणि ‘पुढील स्टेशन अंधेरी’ कानावर पडताच ती पुन्हा बॅग आवळतात. ही जागा मिळावी म्हणून हा गृहस्थ मालाडहून उलट्या गाडीने बोरिवलीला ‘रिटर्न’ आलेला असतो, तेव्हा त्याच्या डुलकीला हसू नये. जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावरची नेमकी हीच अवस्था पॅरिसच्या संशोधकांनी २०२१ साली तपासली. आकडेमोडीचं एक कंटाळवाणं काम त्यांनी १०३ जणांना दिलं. त्यात एक छुपी पळवाट होती: दुसऱ्या पायरीचं उत्तर हेच शेवटचं उत्तर असायचं. मध्ये वीस मिनिटांची विश्रांती, अंधारी खोली, हातात एक वस्तू. डोळा लागला की ती खाली पडणार. ज्यांना किमान पंधरा सेकंद ही उथळ झोप लागली, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना पळवाट सापडली. जागे राहिलेल्यांतल्या ३० टक्क्यांना, आणि त्याहून खोल झोपेत गेलेल्यांतल्या अवघ्या १४ टक्क्यांना.

यावरून लोकल ही प्रतिभेची शाळा ठरवायची घाई नको. २०२५ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी वेगळं कोडं देऊन वीस मिनिटांचीच विश्रांती दिली, तर जरा खोल झोप लागलेले पुढे निघाले. त्याही आधी, २००४ साली, जर्मनीतल्याच ल्युबेकमध्ये पॅरिससारखंच आकड्यांचं काम देऊन लोकांना रात्रभर झोपू दिलं, तेव्हा ५९ टक्क्यांना नियम सापडला. जागे राहिलेल्यांतल्या २३ टक्क्यांना. मग खरं काय, पेंग की गाढ झोप? माझ्या मते इतक्यात निकाल लावू नये. कोडं बदललं की उपयोगी पडणारी झोपही बदलत असावी. पण एक गोष्ट या वादात सहसा कुणी उचलत नाही. ल्युबेकला काही जणांना आधी ते काम न देताच झोपवलं होतं. त्यांना झोपेचा काडीचाही फायदा झाला नाही. झोप कोरी पाटी भरत नाही. अडलेल्या माणसाच्या पाटीवर जे आधीच गिचमिड लिहिलेलं असतं, तेवढंच ती हलवून बघते.

तुकोबांना नामदेवांनी स्वप्नात पांडुरंगासह येऊन कवित्व करायला सांगितलं, हे त्यांच्याच अभंगात आहे. भाविकांसाठी तो साक्षात्कार आहे आणि प्रयोगशाळेने त्यात नाक खुपसायचं कारण नाही. मात्र आपण आधी संतांची वचनं पाठ केली होती, हेही तुकोबांनीच सांगून ठेवलं आहे. स्वप्न आलं ते त्या पाठांतरावर.

‘आम्हाला तर रात्र जागूनच सुचतं,’ असं गोरेगाव-अंधेरीच्या पट्ट्यात मालिका लिहिणारे हमखास म्हणतील. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं. रात्री फोन वाजत नाही, वाहिनीकडून बदल येत नाहीत. सुचतं ते या निवांतपणामुळे, जागरणामुळे नव्हे. प्रयोगांतला क्रम आठवा: आधी अडणं, मग झोपणं, मग पुन्हा त्याच प्रश्नाशी येणं. तयार एपिसोडची ‘बँक’ एका दिवसावर आली आणि नऊच्या शिफ्टला सेटवर पानं हवी असली की यातली मधली पायरी गळते. लेखक रात्री अडतो आणि रात्रीच तो सीन कसाबसा उरकतो. डुलकी त्याला मिळतेच, पण दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, सीन शूट होऊन गेल्यावर.