वेदनेचा हिशेब आणि परिचारिकांचा आवाज

काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीचे कर्करोगाने निधन झाले. अखेरचे अकरा दिवस ती आमच्या जिल्ह्यातील एका रुग्णालयात होती. त्या अकरा रात्रींपैकी बहुतेक रात्री मी तिच्या खाटेजवळ बसून काढल्या. रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला येत, कपाळावर हात ठेवीत आणि रुग्ण कण्हत असल्याची नोंद कागदावर करीत. सकाळी डॉक्टरांची फेरी होई. चार-पाच मिनिटांच्या त्या भेटीत मावशी नेमकी ग्लानीत असे, आणि रात्रीच्या नोंदी वाचण्यास कोणाला सवड नसे. एका पहाटे त्या सिस्टर मला म्हणाल्या, “सर, काय द्यायला हवं ते मला कळतं. पण लिहून देण्याचा अधिकार मला नाही. आणि कोणी लिहून दिलं तरी आपल्या कपाटात ते औषध नाही.”

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला हे वाक्य विसरता येणे कठीण आहे. ज्याच्याजवळ माहिती आहे त्याच्या हाती निर्णय नाही, ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापर्यंत माहिती पोहोचत नाही, आणि दोघे एकत्र आले तरी पुरवठा नाही. विद्यार्थ्यांना व्यवस्थेच्या अपयशाचे याहून नेटके उदाहरण मी देऊ शकलो नसतो.

हा प्रश्न आजचा नाही. आधुनिक ‘हॉस्पिस’ चळवळीच्या प्रवर्तक सिसिली साँडर्स या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले, आणि त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. १९४८ पासून लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून जात असताना त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. तेथील परिचारिका मॉर्फिन तोंडावाटे आणि ठरलेल्या वेळी, दर चार तासांनी देत. रुग्ण विव्हळू लागेपर्यंत थांबत नसत. वेदना परत येण्यापूर्वीच पुढची मात्रा दिली की एकूण औषधही आटोक्यात राहते आणि रुग्ण शुद्धीवर राहून घरच्यांशी बोलू शकतो. हे ज्ञान वॉर्डात जन्मले होते. परंतु परिचारिकेचे म्हणणे वैद्यकविश्व ऐकणार नाही, असा सल्ला एका शल्यविशारदाने साँडर्सबाईंना दिला. तेव्हा तिशी उलटल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ मध्ये उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगातील वेदनेसाठी जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही ‘तोंडावाटे’ आणि ‘घड्याळाप्रमाणे’ हीच दोन तत्त्वे अग्रभागी होती. परिचारिकांना ठाऊक असलेली गोष्ट अधिकृत होण्यास इतका काळ आणि एक वैद्यकीय पदवी लागली.

आपल्याकडील कथा अधिक विचित्र आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते; नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. बोंडांचा चीक काढून तो कायदेशीर रीतीने निर्यात करणारा भारत हा जगातला जवळजवळ एकमेव देश. म्हणजे परदेशी रुग्णाची वेदना शमविणारा कच्चा माल आपण पुरवितो. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद केली, आणि राज्याराज्यांतील नियमांमुळे एका औषधासाठी अनेक खात्यांचे परवाने एकाच वेळी वैध असणे आवश्यक झाले. परिणाम व्हायचा तोच झाला. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९९७ पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून वर्षाला अवघ्या १८ किलोग्रॅमच्या आसपास आला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच यंत्रणेकडून मान्यता मिळण्याची सोय झाली. कागदावरचा अडसर बराचसा दूर झाला. पण एका पिढीचे डॉक्टर मॉर्फिन न वापरताच घडले होते, त्याची भरपाई राजपत्रातील अधिसूचनेने होत नाही.

बाजारपेठ ही उणीव भरून काढील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. मॉर्फिनवर कोणाचे पेटंट नाही, गोळी स्वस्त आहे आणि नियमांचा जाच मात्र मोठा आहे. विक्रेत्याने ते का ठेवावे? उलट महागडे पॅच आणि इंजेक्शने यांत नफा आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ साली मांडलेले आकडे बोलके आहेत. जगात वितरित होणाऱ्या २९८.५ टन मॉर्फिनतुल्य औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येत होते. ही जागतिक तूट भरून काढण्यास, सर्वांत कमी आंतरराष्ट्रीय दराने औषध घेतले तर, वर्षाला सुमारे १४.५ कोटी डॉलर पुरेसे होते. जागतिक अर्थव्यवस्थेच्या मानाने ही रक्कम किरकोळच. अडते ते पैशाच्या अभावी नव्हे, तर मागणी करणारा कोणी नसल्यामुळे. वेदनेने तळमळणारा रुग्ण मोर्चा काढीत नाही आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुधा तो हयातही नसतो. त्याचे आप्त थकलेले आणि कर्जात बुडालेले असतात. तेव्हा त्याच्या वतीने बोलू शकेल असा संघटित, जाणता वर्ग एकच उरतो, आणि तो परिचारिकांचा.

ही केवळ सदिच्छा नव्हे. युगांडात १९९३ मध्ये डॉ. अॅन मेरिमन यांनी मोजक्या सहकाऱ्यांनिशी ‘हॉस्पिस आफ्रिका’चे काम सुरू केले. त्या देशाच्या पहिल्या उपशामक परिचारिका रोझ किवानुका पुढे तेथील उपशामक सेवा संघटनेच्या प्रमुख झाल्या. डॉक्टर इतके थोडे की त्यांच्या सहीची वाट पाहणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे होते. २००४ मध्ये तेथील सरकारने नियम बदलून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आणि क्लिनिकल ऑफिसरांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. भुकटी पाण्यात मिसळून केलेले हे औषध रुग्णाला विनामूल्य मिळते, आणि तीव्रता चटकन ओळखता यावी म्हणून द्रावणाला वेगवेगळे रंग दिलेले असतात. आपल्याहून गरीब देशाने हे केले, हे आपल्या नियोजनकारांनी ध्यानी घ्यावे.

आणि परदेशाकडेच कशाला पाहावयाचे? केरळने २००८ साली उपशामक सेवेचे राज्यधोरण जाहीर केले. तत्पूर्वी पंधरा वर्षे कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातून सुरू झालेले काम मलप्पुरमच्या गावागावांत स्वयंसेवकांनी नेले होते. धोरणाने त्याला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीची जोड दिली. प्रशिक्षित परिचारिका पंचायतीच्या वाहनातून घरोघर जाते, जखमा धुते, नळी बदलते, वेदनेची नोंद करते. तिचे मानधन पंचायतीच्या नियोजन निधीतून निघते, म्हणून तिचा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. येथेही सारे आलबेल नाही. यांतील अनेकजणी कंत्राटी आहेत, आणि स्वयंसेवेच्या गौरवाखाली त्यांचा पगार झाकला जातो. तथापि खर्चाचे शीर्षक अंदाजपत्रकात आहे, ही मोठीच गोष्ट आहे.

अमेरिकेतील व्यसनाधीनतेच्या संकटाचा दाखला देऊन कोणी हरकत घेईल. हरकत रास्त आहे. पण ते संकट वाढले ते १९९६ नंतर खासगी कंपन्यांनी महागड्या गोळ्यांचा जो बेफाम प्रचार केला त्यातून. सरकारी साठा, मोजकी मात्रा आणि घरी जाऊन उरलेले औषध मोजणारी परिचारिका ही व्यवस्था त्याच्या नेमकी उलट टोकाची आहे.

आता महाराष्ट्राविषयी. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांति आवेदना’ उभे राहिले, तेव्हा ते देशातील पहिले हॉस्पिस होते. म्हणजे प्रारंभ आपल्याकडे झाला, विस्तार मात्र दुसरीकडे. केंद्राचा उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. त्याला स्वतंत्र निधी नाही, आरोग्य अभियानाच्या सामायिक निधीतून राज्याने मागितले तर मिळते. मागायचे कोणी? मे २०२२ मध्ये शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा आपण शिक्षक-कारकुनांनीही तो केवळ नोकरीचा झगडा समजून बातमी उलटली. वस्तुतः वेदना ओळखण्याचे कसब वर्षानुवर्षांच्या सहवासातून येते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ते येत नाही. कायम पद ही इथे सेवेची पूर्वअट आहे.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत उपशामक सेवेसाठी वेगळी तरतूद मागावी आणि ती मागताना जिल्ह्यातील ज्येष्ठ परिचारिकांना टेबलाशी बसवावे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला मॉर्फिनसाठी मान्यता आहे की नाही, आणि असल्यास गेल्या वर्षी किती गोळ्या खर्ची पडल्या, हे कोणताही नागरिक माहितीच्या अधिकाराखाली विचारू शकतो. अर्जाला दहा रुपये लागतात. मी आमच्या जिल्ह्यापुरता तो अर्ज केला आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.