कॅथीड्रलांतील उपासनेचे प्रापंचिक सेवक

इंग्लंडांतील कॅथीड्रलाची उपासना डीन व कॅनन या दीक्षित धर्माधिकाऱ्यांच्या नांवानें चालते. परंतु तिचा नित्यक्रम ज्यांच्या हातून पार पडतो, त्यांपैकीं अनेकांनीं धर्मदीक्षा घेतलेली नसते. पोथीसंग्राहकांनीं या प्रापंचिक सेवकांकडे अवश्य लक्ष द्यावें.

त्यांत प्रथम नजरेस पडतो तो व्हर्जर. हें नांव काठी या अर्थाच्या लॅटिन 'व्हिर्गा' शब्दावरून आलें. लंडनच्या सेंट पॉल्समध्यें व विंचेस्टर येथें तें अद्यापि मुळास अनुसरून इकार ठेवूनच लिहितात. हातीं दंड घेऊन तो डीनपुढें चालतो व प्रवचनकारास व्यासपीठापर्यंत पोंचवितो. पूर्वीं गर्दींतून वाट करण्यास तो दंड उपयोगी पडे. वाचकांस आपल्याकडील चोपदार आठवेल. शाकुंतलांतील कंचुकीची वेत्रयष्टिहि प्रथम अधिकाराची खूण म्हणूनच हातीं आली होती.

गायकांची हकीकत याहून महत्त्वाची. त्यांस कोठें ले क्लार्क, कोठें ले व्हिकर, तर कोठें व्हिकर कोरल म्हणतात. व्हिकर म्हणजे प्रतिनिधि. मध्ययुगांत अनुपस्थित कॅननांच्या ऐवजीं गाण्यासाठीं ते नेमले जात. वेल्स येथें बिशप राल्फ यानें १३४८ सालीं त्यांची संस्था स्थापिली. धर्मसुधारणेनंतर या जागा हळूहळू विवाहित प्रापंचिकांकडे गेल्या.

गायक समोरासमोर बसतात; डीनची बाजू ती डिकेनाय, प्रिसेंटरची ती कँटोरिस. जुन्या पोथ्यांत ज्याच्या त्याच्या स्वराचीच ओळ असे, म्हणून एक पोथी गहाळ झाली कीं सारी रचना खंडित होई. जॉन बार्नार्ड यानें १६४१ सालीं दहा पोथ्यांचा संच छापला. त्याची एकहि संपूर्ण प्रत उरलेली नाहीं. पुढें यादवी माजली. १६४५ सालीं प्रार्थनाग्रंथावर बंदी आली आणि १६४९ सालीं डीन व कॅनन यांचीं मंडळेंच रद्द झालीं. वुस्टरचा ऑर्गनवादक टॉमस टॉमकिन्स याची १५९६ पासूनची सेवा १६४६ सालीं खंडली. तो १६५६ सालीं वारला. त्याच्या उपासनागीतांचा संग्रह १६६८ सालीं छापला गेला.

१६६० सालीं राजा परतला, तेव्हां गायनाची रीत नव्यानें शिकविण्याची पाळी आली. ती शिकविणारें लहानसें पुस्तक १६६१ सालीं ऑक्सफर्डचा ऑर्गनवादक एडवर्ड लो यानें काढलें. यादवीपूर्वींची परंपरा त्यानें स्वतः चालविलेली होती. डरहॅम येथील त्या शतकांतील पोथ्यांपैकीं कित्येक तर तेथील गायकांनींच लिहिल्या आहेत. अशी एखादी सुटी पोथी हातीं आल्यास बाजू कोणती व स्वर कोणता, हें प्रथम पाहावें; संचांतील उरलेल्या पोथ्यांचा शोध तेथूनच लागतो.