लाल दोरी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मित्र तापोळ्याला गेलो होतो. तेथे कोयनेच्या शिवसागर जलाशयात मोटरबोटी चालतात. बोटवाल्या काकांनी आम्हांला लाइफ जॅकेटे घालायला लावली, पट्टे स्वतः आवळले, आणि मग इंजिनाची एक पिळदार लाल दोरी आपल्या मनगटाला अडकवली. मला हसू आले. माणसाने आपल्याच बोटीला बांधून कशाला घ्यावे?

काका म्हणाले, "पोरांनो, मी पडलो पाण्यात, तर बोट कोण थांबवणार? तुम्ही?"

सारे शास्त्र ह्या प्रश्नातच आहे. चालक पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. दोरी नसेल तर बोट सरळ निघून जाईल असे आपणांस वाटते. पण पंख्याच्या फिरण्याने सुकाणू एका बाजूला ओढले जाते, आणि मोकळी बोट गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येऊ शकते. पाण्याखाली पाती फिरतच असतात! अमेरिकेत २६ फुटांहून लहान बोट वेगात चालवताना ही दोरी लावणे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे आहे.

समोरून बोट आली तर दोघांनीही उजवीकडे वळावे, आपल्या उजवीकडून आडवी येणारीला वाट द्यावी, हे नियमही काकांना तोंडपाठ.

परतताना आमच्यातला एकजण फोटोसाठी उभा राहिला. काकांनी वेग हळूहळू उतरवला आणि दोरी ओढली. इंजिन गप्प. तो खाली बसेपर्यंत आम्ही तसेच पाण्यावर डुलत राहिलो.