बिब्याच्या कुळातली वाटी

जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या पेठेत दुकानांच्या चौकटींना लिंबू-मिरची टांगलेली दिसते, तिच्यात एखादा काळा बिबाही ओवलेला असतो. हाच बिबा आजीच्या बटव्यातही असे. टाचेला भेगा पडल्या, पायात काटा मोडला, की बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि फुलला की चटका द्यायचा. परीट त्याच्या तेलाने कपड्यांवर खुणा करत, त्या कितीही धुतल्या तरी जात नसत. आणि हाताळताना चूक झाली तर बिबा उततो: सूज, फोड, जीव नकोसा करणारी खाज. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर असेच चट्टे उठले. कारण निघालं कपड्यांवरची परिटाची खूण, आणि १९४३ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही आला.

जपानमध्ये जेवणाच्या लाकडी वाट्यांवर ज्या चिकाचे थर चढवतात, त्या उरुशीचं झाड बिब्याच्याच कुळातलं. आंबा आणि काजूही त्याच कुळातले. कैरी उतरवताना देठाचा चीक चेहऱ्यावर उडाला की कातडी भाजते, ती याच नात्यामुळे. उरुशीतला मुख्य घटक उरुशिऑल. बिब्याच्या तेलात त्याचा जवळचा भाऊबंद सापडतो, त्याला भिलावनॉल म्हणतात. या तेलाचं रासायनिक पृथक्करण पिल्ले आणि सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंवर चढते ती लाख मात्र वेगळी. ती किड्यापासून मिळते आणि उष्णतेने मऊ होते. उरुशी एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही.

मला या कलेत सगळ्यात विलक्षण वाटतं ते तिचं वाळणं. तेलरंग कोरड्या हवेत, उन्हात वाळतो. उरुशीला दमट हवा लागते. चिकात लॅकेज नावाचं एक विकर असतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांना त्याचा माग १८८३ मध्ये लागला. हे विकर ओलाव्यात काम करतं, हवेतला प्राणवायू घेऊन उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफत नेतं. म्हणून कारागीर रंगवलेली वाटी लाकडी कपाटात ठेवतात, आतली हवा साधारण ७० ते ८५ टक्के दमट आणि २० ते ३० अंश उबदार राखतात. आहुपे किंवा नाणेघाटाकडच्या माणसाला ही हवा समजावून सांगावी लागणार नाही. आषाढात चुलीवर टांगलेले कपडेही जिथे दमट राहतात, तिथे उरुशी उत्तम जमली असती.

चीक मिळवणं फार कष्टाचं. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जूनपासून खोडावर आडव्या चिरा पाडतात, दर चार-पाच दिवसांनी नवी चीर, आणि पाझरणारा चीक लोखंडी पळीने खरवडून घेतात. सगळ्या हंगामात एका झाडाचे जेमतेम दोनशे ग्रॅम. मग झाड तोडतात, बुंध्याला नवे धुमारे फुटतात आणि पुन्हा तेवढीच वाट बघायची. जपानी चिकाचा मोठा हिस्सा इवाते प्रांतातल्या जोबोजी या गावच्या परिसरातून येतो. तरीही देशाची गरज मुख्यतः चिनी चिकावर भागते.

नोतो द्वीपकल्पातल्या वाजिमा गावची वाटी घ्या. कातलेल्या लाकडाला आधी कच्चा चीक पाजतात. काठ लवकर झिजतो, म्हणून तिथे चीक आणि भाताची खळ मिसळून कापडाची पट्टी चिकटवतात. त्यावर भाजलेल्या मातीची पूड कालवलेले थर येतात. प्रत्येक थर कडक झाल्यावर दगडाने घासायचा, मग पुढचा. शेवटच्या हातासाठी चीक कागदातून गाळून घेतात, कारण धुळीचा एक कण पडला तरी तो नजरेला टोचतो. कुंचला माणसाच्या केसांचा असतो. पेन्सिलीत शिसं असावं तसे केस लाकडी पट्टीत आरपार बसवलेले असतात. टोक झिजलं की लाकूड तासून नवं टोक काढतात. रंग लावल्यावर वाटी कपाटात सावकाश फिरवत ठेवतात, नाहीतर चीक ओघळतो. काळ्या वाटीचा काळेपणाही काजळीचा नसतो. चिकात लोखंडाचा अंश मिसळला की तो आपोआप काळा होतो. आंबेगाव-जुन्नरच्या रानात हिरडा वेचणाऱ्यांना हे नवल वाटणार नाही, हिरड्याच्या पाण्यात हिराकस पडला की तेही काळं होतं. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात वाजिमाच्या कितीतरी कार्यशाळा कोसळल्या, आणि त्याच सप्टेंबरात पुराने उरलेल्यांना गाठलं.

मग आपल्या बिब्याची वाटी का झाली नाही? उरुशी हा खोडाचा चीक, त्यात तेलाबरोबर पाणी, डिंक आणि ते विकरही असतं. बिब्याचं तेल फळाच्या सालीतून येतं, आणि नुसतं लावून ठेवलं तर उरुशीसारखं घट्ट होत नाही. म्हणून परीट खुणेवर चुना लावत. चुन्याच्या अल्कधर्मी गुणाने तेल हवेशी लवकर जुळतं आणि डाग पक्का बसतो. आपल्या माणसांनी बिब्याशी जेवढं जमवलं तेवढं शहाणपणाने जमवलं, असंच मी म्हणेन. कोणी बिब्याचं तेल ताटवाट्यांना लावून पाहू नये. उरुशी पूर्ण घट्ट झाल्यावर निर्धोक होते, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने पटलेलं आहे. बिब्याच्या बाबतीत तसा अनुभव कोणाच्याच गाठीशी नाही.

अशी वाटी घरात आलीच तर तिच्यात गरम आमटी खुशाल वाढा. आंबट, खारट काहीही तिला बाधत नाही. धुताना मऊ फडकं घ्या, काथ्या आणि राख दूर ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. आणि भांडी घासून अंगणात उन्हात पालथी घालण्याची आपली सवय तिच्यापुरती मोडा. घट्ट झालेली उरुशी आम्ल, अल्कली, मद्य सगळं सोसते, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तिची चकाकी जाते आणि वरचा थर पिठासारखा सुटू लागतो.